छाती करडी, हनुवटी काळी: शोला जंगलातल्या पक्ष्यांच्या नात्याचं प्रकरण

सॅम्युअल बेकन फेअरबँक हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्यात काढला. धर्मप्रचाराबरोबर पक्षी, मासे, शंखशिंपले, नेचे असं जे दिसेल ते गोळा करण्याचा त्यांना नाद होता. नगरचा उन्हाळा सोसवेनासा झाला की ते दक्षिणेत पळणीच्या डोंगरांत, कोडाईकनालला जात. तिथल्या थंड, ओल्या जंगलातून त्यांनी आणलेले दोन पक्षी भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या हाती पडले. त्यांनी १८६८ मध्ये एकाचं आणि १८६९ मध्ये दुसऱ्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. पहिला पांढऱ्या पोटाचा, निळसर, लांब पायांचा, जमिनीजवळ राहणारा छोटा पक्षी. दुसरा करड्या छातीचा, पांढऱ्या भुवईचा, कळपाने कलकलाट करणारा. या दुसऱ्याच्या नावात फेअरबँक आजही आहेत: ‘फेअरबँकी’.

नावाचा हा शेवटचा शब्द टिकला, पहिला मात्र सतत बदलत राहिला. माझ्याच वह्यांमध्ये या एका पक्ष्याची तीन शास्त्रीय नावं सापडतात, आणि मी काही म्हातारा झालेलो नाही. नावं का बदलतात, असं पक्षी बघायला नव्याने लागलेली मंडळी वैतागून विचारतात, तेव्हा मी त्यांना हेच प्रकरण सांगतो. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचं आहे, आपल्याच डोंगररांगेचं आहे, आणि त्यात जनुकांनी काय ठरवलं नि काय ठरवलं नाही, हे दोन्ही स्वच्छ दिसतं.

आधी दोन शब्दांचा घोळ निस्तरतो, कारण वर्तमानपत्रं तो रोज घालतात. ‘जाती’ म्हणजे एकेक प्रकारचा पक्षी. जवळच्या नात्यातल्या अनेक जातींचा मिळून गट होतो, ती ‘प्रजाती’. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. प्रजाती म्हणजे आडनाव, असं समजलं तरी चालेल. आपल्या प्रकरणात वाद दोन्हींवर होता.

डोंगरमाथ्यावरची बेटं

निलगिरी, अनैमलै, पळणी, अगस्त्यमलै या डोंगरांवर साधारण १४०० मीटरच्या वर गेलं की जंगलाचा नूर पालटतो. उघड्या माथ्यांवर गवताळ कुरणं, आणि दोन टेकड्यांच्या बेचक्यात, ओढ्याच्या कडेने, बुटक्या, गच्च, शेवाळलेल्या झाडांचे पुंजके. हे पुंजके म्हणजे शोला. त्यात राहणारे काही पक्षी खाली उतरत नाहीत. खालच्या उकाड्यात त्यांचं काही नाही. त्यामुळे एकेक डोंगरमाथा त्यांच्यासाठी समुद्रातल्या बेटासारखा असतो.

या बेटांमध्ये दोन मोठ्या खिंडी आहेत. पालघाटची खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद. कोइमतूरहून पालक्काडला रेल्वेने गेलात तर ती डोळ्यांनी बघता येते. गाडी घाट चढतच नाही. सह्याद्री ओलांडताना कर्जत-लोणावळ्यासारखे बोगदे, मागून लावलेलं इंजिन, काही काही नाही. नारळ, भातखाचरं, वीटभट्ट्या, आणि दोन्ही बाजूंना दूरवर निळ्या भिंतींसारखे डोंगर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घाट कधी येतो याची वाट बघत बसलो आणि गाडी केरळात पोचलीसुद्धा. दुसरी खिंड आणखी दक्षिणेला, शेनकोट्ट्याची. ती जेमतेम सात-आठ किलोमीटरची, पण शोलात जन्मलेल्या पक्ष्याला तीही ओलांडवत नाही.

आता पक्षी. करड्या छातीच्या त्या कलकलाट्या पक्ष्याला मल्याळममध्ये चिलप्पन म्हणतात. मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही, कारण तो आपल्याकडे नाही, म्हणून मी हेच वापरतो. निळ्या पक्ष्याला आता शोलाकिळी म्हणतात. ‘किळी’ म्हणजे मल्याळममध्ये पाखरू.

चिलप्पन: छाती बघायची की हनुवटी?

चिलप्पन चार ठिकाणी चार रूपांत आढळतो. निलगिरीवर तांबूस छातीचा. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ जेर्डन यांनी त्याचं वर्णन १८३९ मध्ये केलं. निलगिरीच्या वायव्येला, वायनाडच्या बाणासुर वगैरे उंच डोंगरांवर करड्या छातीचा, पण काळ्या हनुवटीचा. हा ब्लाइथ यांनी १८५१ मध्ये नोंदला आणि जेर्डन यांचं नाव दिलं. पालघाट खिंड ओलांडून अनैमलै-पळणीत फेअरबँक यांचा करड्या छातीचा. आणि शेनकोट्ट्याच्याही खाली, अशांबूच्या (म्हणजे अगस्त्यमलैच्या) डोंगरांत आणखी एक करड्या छातीचा, आखूड भुवईचा. तो ब्लॅनफर्ड यांनी १८८० मध्ये वर्णिला.

एक तांबूस, तीन करडे. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या पक्षिग्रंथात याचे सरळ दोन भाग केले होते. तांबूस छातीचा निलगिरीवाला एक जाती, बाकीचे तिन्ही करडे मिळून दुसरी जाती. डोळ्यांना पटणारी वाटणी होती. झाडावरच्या पक्ष्याची छातीच आधी दिसते, हनुवटी कोण बघतो?

पण नकाशा पुढे ठेवला की ही वाटणी खटकते. बाणासुराचा चिलप्पन निलगिरीचा शेजारी, पालघाट खिंडीच्या एकाच बाजूचा. त्याला शेजाऱ्यापासून तोडून खिंडीपलीकडच्यांशी जोडायचं, म्हणजे त्या रुंद खिंडीला काहीच किंमत नाही असं म्हणायचं. २००५ मध्ये पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांनी आपल्या ग्रंथात वाटणी उलटवली. काळ्या हनुवटीचे दोघे, निलगिरी आणि बाणासुर, एका जातीत; पळणी आणि अशांबूचे दुसरीत. छातीचा रंग बाजूला पडला, हनुवटी आणि खिंड पुढे आली. पुढे २०१२ मध्ये जे. प्रवीण आणि पी. ओ. नमीर यांनी मांडलं की या खऱ्या तर चार वेगळ्या जाती मानायला हव्यात. हे सगळं पिसं, आवाज आणि नकाशा यांच्या आधारावर. रक्ताचा थेंबही कुणी अजून तपासलेला नव्हता. जनुकांचं यश सांगताना ही आधीची मेहनत लोक विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतो. प्रश्न नेमका कुठे आहे हे पिसं मोजणाऱ्यांनीच दाखवलं होतं.

शोलाकिळीचे हाल याहून वाईट

निळ्या पक्ष्याचं तर आडनावच कुणाला सापडेना. निलगिरीच्या पक्ष्याला जेर्डन यांनी थिरथिऱ्याच्या गटात घातलं होतं. ब्लॅनफर्ड यांनी पळणीच्या पक्ष्याला दुसऱ्याच प्रजातीत ठेवलं. नंतर दोघांना मिळून ‘ब्रॅकिप्टेरिक्स’मध्ये टाकलं. ही हिमालय आणि आग्नेय आशियातली आखूड पंखांच्या, जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांची प्रजाती. अली-रिप्लींकडे ते एकाच जातीचे दोन उपप्रकार होते: तांबूस कुशीचा निलगिरीचा, निळसर कुशीचा पळणीचा. २००५ मध्ये त्यांच्या दोन जाती झाल्या आणि प्रजाती पुन्हा बदलली, ‘मायोमेला’.

एवढी फिरवाफिरव का? कारण काळोख्या जंगलात जमिनीलगत किडे टिपत राहणाऱ्या पक्ष्यांचं शरीर एकाच साच्यात घडत जातं. लांब पाय, आखूड गोल पंख, आखूड शेपटी, गडद रंग. नातं नसलं तरी ते एकमेकांसारखे दिसू लागतात. समुद्रात राहून देवमासा माशासारखा दिसतो, तसंच हे. शरीर बघून आडनाव शोधायला गेलं की इथेच फसगत होते.

रक्ताचा थेंब

पक्षी-संशोधक व्ही. व्ही. रॉबिन यांनी शोलाकिळीचा पिच्छा पुरवला. बंगळुरूला अनिंद्य सिन्हा आणि उमा रामकृष्णन यांच्यासोबत त्यांनी पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीचा डोंगरागणिक जनुकीय अभ्यास केला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. खिंडींच्या दोन्ही बाजूंचे पक्षी फार जुन्या काळापासून एकमेकांत मिसळलेलेच नाहीत, हे त्यातून दिसलं. मग कामाचा पसारा वाढला. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने शोलातल्या २३ जातींचे ३५६ पक्षी तपासून दाखवलं की सर्वांत रुंद खिंडीचा परिणाम सर्वाधिक जातींवर झाला आहे, आणि लहान खिंडींमुळे दुभंगलेल्या जाती त्यांपैकीच काही आहेत.

कामाची रीत अशी. पहाटे उजाडण्याआधी झाडोऱ्यात दोन काठ्यांमध्ये बारीक काळ्या धाग्याची जाळी ताणायची. ती इतकी झिरझिरीत असते की सावलीत माणसालाही दिसत नाही. पक्षी आदळला की जाळीच्या खिशात अलगद लटकतो. थोड्या थोड्या वेळाने फेरी मारून त्याला सोडवायचं, कापडी पिशवीत ठेवायचं, वजन करायचं, पंख-पाय-चोच मोजायची, पायात हलकं कडं घालायचं. पंखाखालच्या शिरेला सुईचं टोक लावून एक थेंब रक्त घ्यायचं, कापसाने दाबून धरायचं आणि जिथे पकडला तिथेच सोडून द्यायचं. एक थेंब पुरतो, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. माणसाच्या तांबड्या पेशींत ते नसतं. त्यामुळे पाखराच्या थेंबभर रक्तात भरपूर डीएनए मिळतो.

प्रयोगशाळेत त्यातले निवडक तुकडे वाढवून अक्षरं वाचली जातात आणि इतर पक्ष्यांच्या त्याच तुकड्यांशेजारी मांडली जातात. काही तुकडे मायटोकाँड्रियातले, म्हणजे फक्त आईकडून आलेले. ते भरभर बदलतात, म्हणून जवळच्या नात्यात उपयोगी. पण एवढ्यावर भागत नाही. आजीची नथ थोरल्या लेकीकडे जाईल की धाकट्या नातीकडे, हे घर कसं वाटलं गेलं त्यावर दर वेळी ठरत नाही. एकट्या नथीचा माग काढला तर नात्याचा चुकीचा तक्ता तयार होऊ शकतो. जनुकांचंही तसंच आहे. म्हणून पेशीकेंद्रातले वेगवेगळे तुकडेही वाचायचे आणि बहुतेकांची साक्ष कुठे जुळते ते बघायचं.

एक गोष्ट इथे फार महत्त्वाची. तुलनेला कोण कोण घेतलं, यावर सगळं अवलंबून असतं. शोलाकिळीची तुलना नुसती ‘ब्रॅकिप्टेरिक्स’शी आणि ‘मायोमेला’शी केली असती, तर त्यांतल्या कुणाच्या तरी शेजारी ती बसलीच असती. अख्ख्या कुळातले पक्षी मांडावर घेतले, म्हणून खरा शेजारी सापडला.

२०१७ चा निकाल

रॉबिन, सी. के. विष्णुदास, पूजा गुप्ता, फ्रँक राइंट, डॅनियल हूपर, उमा रामकृष्णन आणि सुषमा रेड्डी यांचा शोधनिबंध २०१७ मध्ये आला. जनुकांच्या जोडीला त्यांनी मोजमापं, पिसं आणि गाणीही घेतली होती.

शोलाकिळी ‘ब्रॅकिप्टेरिक्स’ही निघाली नाही आणि ‘मायोमेला’ही नाही. तिची सर्वांत जवळची मंडळी निघाली निल्टावा आणि निळे माशीमार. फांदीवर ताठ बसून हवेतले किडे झेलणारे पक्षी! सह्याद्रीत आपण पावसाळ्याच्या तोंडाला ज्या टिकेलच्या निळ्या माशीमाराची शीळ ऐकतो, तो या नात्यातला. पण शोलाकिळी त्यांच्यापैकी कुणाच्याही पोटशाखेत बसत नाही. ती त्या सगळ्यांच्या शेजारून फार पूर्वी फुटलेली स्वतंत्र फांदी आहे. म्हणून तिला नवी प्रजाती मिळाली: ‘शोलिकोला’, शोलात राहणारी.

चिलप्पनचंही तसंच झालं. ज्या हिमालयी हसऱ्या पक्ष्यांच्या (इंग्रजीत ‘लाफिंगथ्रश’) प्रजातींमध्ये तो आजवर घातला होता, त्यांच्यात तो नव्हता. त्याचं नातं त्याच कुळातल्या लायोथ्रिक्स, सिबिया वगैरे लहान पक्ष्यांच्या शाखेशी जवळचं निघालं, आणि त्यांच्यापासूनही तो वेगळाच. नवी प्रजाती ‘मॉन्टेसिंक्ला’. तिच्यात चार जाती: निलगिरी, बाणासुर, पळणी, अशांबू.

आणि तो जुना वाद? निलगिरीचा तांबूस आणि बाणासुराचा करडा हे सख्खे भाऊ निघाले. पळणीचा आणि अशांबूचा ही दुसरी जोडी. दोन जोड्यांच्या मधोमध पालघाटची खिंड. करडी छाती ही मूळ घराण्याची खूण असावी आणि तांबूस रंग एकट्या निलगिरीवाल्याने नंतर घेतला असावा, असं मानलं की कोडं सुटतं. पणजोबांचं नाक तीन चुलत भावंडांना आलं आणि चौथ्याला नाही आलं, म्हणून ते तिघे सख्खे ठरत नाहीत. वर्गीकरणात हीच चूक वारंवार होते आणि मला ती अजिबात मूर्खपणाची वाटत नाही. सारखेपणा दिसतो. तो नवा की जुना, हे मात्र दिसत नाही. जनुकांचा खरा उपयोग तिथे होतो.

रेघ कुणी मारायची

इथपर्यंत प्रकरण सरळ आहे. अवघड भाग पुढचा.

शेनकोट्टा खिंडीच्या दक्षिणेकडच्या शोलाकिळ्यांना याच निबंधात नवी जाती म्हणून नाव दिलं गेलं, ‘शोलिकोला अशांबुएन्सिस’. पळणीच्या पक्ष्यांपासून त्यांचं अंतर आहे, पण पालघाटच्या दोन बाजूंमध्ये आहे तेवढं खोल नाही. निलगिरी आणि पळणीच्या शोलाकिळ्या वेगळ्या जाती आहेत, हे सगळ्यांनी मान्य केलं. अशांबूवर मात्र एकमत झालं नाही. अनेक पक्षिसूच्यांमध्ये ती अजूनही पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीची उपजाती आहे. गंमत अशी की त्याच डोंगरांतला, त्याच खिंडीने तोडलेला अशांबूचा चिलप्पन बहुतेक ठिकाणी वेगळी जाती म्हणून स्वीकारला गेला.

हे कुणाचं अज्ञान नाही. डीएनए दोन गटांतलं अंतर सांगतो. किती अंतर झालं की ‘जाती’ म्हणायचं, हे डीएनएत लिहिलेलं नसतं. एकत्र आले तर ते जोडी जमवतील का, हा नेहमीचा निकष इथे लावताच येत नाही, कारण ते एकत्र येतच नाहीत. मधल्या उकाड्याने हजारो पिढ्या तो प्रश्न विचारूच दिलेला नाही. मग गाणं किती वेगळं, पिसं किती वेगळी, माप किती वेगळं हे जोडीला घेऊन कुणीतरी निर्णय करायचा.

माझं मत विचाराल तर मी अशांबूच्या शोलाकिळीला वेगळी जाती मानण्याच्या बाजूचा आहे. खिंड लहान असली तरी अभेद्य आहे, आणि तिथला पक्षी स्वतःच्या वाटेने चालला आहे. पण समोरच्याने सबुरी धरली तर त्यालाही मी चूक म्हणणार नाही. नात्याचा तक्ता दोघांचा एकच आहे. फरक फक्त रेघ कुठे मारायची एवढाच. जनुकांनी ‘सिद्ध केलं’ अशी बातमी वाचली की मी आधी हे तपासतो: सिद्ध काय झालं, नातं की रेघ?

हिमालयाचे की इथलेच?

या निकालाने एका मोठ्या जुन्या कल्पनेलाही धक्का दिला. दक्षिण सह्याद्रीतले प्राणी हिमालयातल्या प्राण्यांसारखे का, याचं उत्तर म्हणून सुंदरलाल होरा यांनी सातपुडा सिद्धांत मांडला होता. होरा माशांचे अभ्यासक. कधीकाळी थंड, दमट काळात पूर्व हिमालयातले जीव सातपुड्याच्या रांगेने पश्चिमेला आणि तिथून सह्याद्रीत उतरले, असं त्यांचं म्हणणं. आपल्या मेळघाट-तोरणमाळवरून गेलेली ही वाट. अनेकांनी ती पक्ष्यांनाही लागू केली. त्यामुळे शोलातला प्रत्येक पक्षी हिमालयातल्या कुणाचा तरी दूर गेलेला भाऊ, असं समजण्याची सवय लागली, आणि त्याच सवयीने शोलाकिळीला हिमालयी आडनाव चिकटलं.

पूर्वज कुठूनतरी आले असतीलच. पण शोलाकिळी आणि चिलप्पन हे कालपरवाचे पाहुणे नाहीत. ही दोन्ही घराणी दक्षिणेच्या डोंगरांवर रुजली, आणि त्यांच्या वाटण्या तिथेच, त्या खिंडींच्या काठाने झाल्या.

याचा परिणाम कागदावरच राहत नाही. बाणासुराचा चिलप्पन करड्या छातीच्या जातीत मोजला जात होता तेव्हा त्या जातीचा पसारा वायनाडपासून अशांबूपर्यंत दिसे. वेगळा काढल्यावर कळतं की सगळ्या जगात हा पक्षी वायनाडच्या आसपासच्या मोजक्या माथ्यांवर आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही. आज तो जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. निलगिरीची शोलाकिळीही त्याच वर्गात. त्या माथ्यांवर चहा आला, निलगिरीच्या (युकॅलिप्टस) आणि वॅटलच्या झाडांची लागवड आली.

रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याच दोन पक्ष्यांवर आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, खिंडींचा नव्हे तर तोडीचा. एकाच डोंगरावर, चहामळ्यांनी आणि लागवडीने तुकडे पडलेल्या शोलांमधले पक्षी. तिथेही अलगपणाच्या खुणा रक्तात दिसू लागल्या होत्या. जे काम खिंडींना करायला लाखो वर्षं लागली, त्याची सुरुवात मळ्यांनी शे-दीडशे वर्षांत केली आहे. फरक असा की खिंडीच्या पलीकडे भरपूर जंगल होतं आणि तिथे राहिलेल्यांचं नवं घराणं झालं. चहाच्या दोन मळ्यांमध्ये अडकलेल्या चार झाडांत नवं घराणं होत नाही.

कोडाईकनालला गेलात तर गावाबाहेर रस्त्याकडेच्या रानटी रासबेरीच्या जाळ्यांपाशी सकाळी थांबा. चिलप्पन आपण होऊन येतो. आधी आवाज, मग जाळी हलते, मग पांढरी भुवई. शोलाकिळीसाठी मात्र शोलाच्या आत, ओढ्याकाठी बसावं लागतं. मी दोन सकाळी नुसती शीळ ऐकून परतलो. तिसऱ्या दिवशी कुजलेल्या पानांवर काहीतरी टुणकन पुढे आलं, लांब पायांवर ताठ उभं राहिलं, शेपटी एकदा हलवली. पोटाचा पांढरा ठिपका त्या अंधारात दिव्यासारखा दिसला. एका किड्यावर झडप घालताना ती क्षणभर हवेत उडाली आणि परत खाली उतरली. वहीत मी तेव्हा तिचं जुनं आडनाव लिहिलं होतं. ते खोडलेलं नाही, शेजारी नवं लिहिलं आहे.